क्योतोचं न्हाणीघर, आजीचं तुळशीवृंदावन आणि एक हिरवी टाइल

पागोळी (धागाकर्ती)
शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहायला बसले आहे. धागा लांबेल, सांभाळून घ्या.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ओसाकाला आलो. त्याआधी मला जपानचं विशेष काही वाटायचं नाही. वेड लागलं ते इथल्या गल्ल्यांमधून चालताना. जुन्या लाकडी दुकानांवर एनॅमलच्या पत्र्याच्या पाट्या अजून दिसतात, औषधांच्या, सोया सॉसच्या, डासांच्या उदबत्त्यांच्या. कडा गंजलेल्या, पण लाल आणि निळा रंग तसाच्या तसा. मी भाषा शिकत होते, म्हणून थांबून थांबून वाचायचे. एका पाटीवरचा शब्द मात्र कोणत्याच शब्दकोशात सापडेना. शेजारच्या आजींना फोटो दाखवला. त्यांनी काही न बोलता पाटीवरून बोट उजवीकडून डावीकडे फिरवलं. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आडवी पाटी अशीच लिहायचे म्हणे. मी आठवडाभर तो शब्द उलटा शोधत होते! त्या दिवसापासून जुनी पाटी दिसली की आधी कुठल्या बाजूने वाचायची ते पाहते, आणि तिचं वय थोडंफार कळतं.

तर मूळ विषय. क्योतोच्या उत्तरेला, निशिजिन या विणकरांच्या भागाजवळ, 'सारासा निशिजिन' नावाचा कॅफे आहे. पूर्वी ते 'फुजिनोमोरी-यु' नावाचं सेन्तो होतं, म्हणजे पैसे देऊन अंघोळ करायचं सार्वजनिक न्हाणीघर. इमारत १९३० ची. आत गेलं की भिंती वरपर्यंत टाइल्सनी भरलेल्या. उठावाची नक्षी, हिरवा, पिवळसर, गुलाबी रंग. पुरुष आणि बायकांच्या भागांमधली भिंत अर्धी ठेवली आहे, तिच्या दोन्ही बाजूंना आता लोक कॉफी पितात. तिथून चालत गेलं की 'फुनाओका ओन्सेन' लागतं, १९२३ पासूनचं, आणि ते न्हाणीघर म्हणून अजून चालू आहे. तिथेही त्याच जातीच्या टाइल्स.

पहिल्यांदा गेले तेव्हा कपडे काढायच्या खोलीच्या दारातच थबकले. एक हिरवी टाइल होती, मधोमध फूल आणि चारी कोपऱ्यांत पाव पाव फूल, म्हणजे चार टाइल्स जोडल्या की कोपऱ्यात आणखी एक पूर्ण फूल उमलतं. ही टाइल मी लहानपणी रोज पाहिली आहे. वेंगुर्ल्याजवळ आजोळच्या अंगणात तुळशीवृंदावनाला चारही बाजूंनी हीच, किंवा हिची सख्खी बहीण म्हणावी अशी टाइल आहे. संध्याकाळी आजी दिवा लावायची तेव्हा तो उजेड त्या नक्षीवर हलायचा. मी बोट फिरवत बसायचे.

आजीला विचारण्याची सोय आता नाही. आई म्हणते, आजीच्या सासऱ्यांनी मुंबईहून गलबतातून आणल्या होत्या, 'विलायती लाद्या' म्हणून. म्हणजे इंग्लंडच्या असं सगळे धरून चालले.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, देवळात, जुन्या चाळीच्या जिन्यात अशा टाइल्स आहेत का? कुणी मागची बाजू पाहिली आहे का?

---

अबोली_रत्नागिरी
शनिवार, रात्री १०:४०

किती सुंदर लिहिलंयस गं! आमच्या मामाच्या घरी ओटीवर बसायच्या कट्ट्याला आहेत अशा, निळ्या आणि चॉकलेटी. मागची बाजू कशी पाहणार, भिंतीत बसल्यात. वाचतेय.

---

भट्टीवाला
रविवार, सकाळी ७:०५

पागोळीताई, विषय माझ्या जिव्हाळ्याचा काढलात. मी तीस वर्षं सिरॅमिकच्या धंद्यात काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही वर्णन केलेली टाइल जपानी असण्याची शक्यता चांगलीच आहे. जपानमध्ये तिला 'वासेइ माजोरिका' म्हणतात, म्हणजे जपानी बनावटीची मॅजोलिका, उठावाच्या नक्षीवर रंगीत चकाकी चढवलेलं मातीकाम.

मूळ इंग्लंडचं. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर यांनी कोरड्या मातीची भुकटी साच्यात दाबून वस्तू करण्याचं पेटंट घेतलं. ते होतं बटणांसाठी! चिनीमातीचे कारखानदार मिंटन यांनी त्यात भागी घेतली आणि तीच रीत टाइलला लावली. ओल्या मातीची टाइल वाळताना आक्रसते, वाकडी होते. भुकटीत ओल अगदी थोडी असते, मूठ दाबली की गोळा व्हावा एवढीच. पोलादी साच्यात भरायची, वरून प्रेसचा दाब द्यायचा, टाइल बाहेर येते ती सरळ आणि एकसारखी. नक्षीचे उंचवटे साच्यातच कोरलेले असतात.

आता त्या रंगाचं रहस्य. आधी एक भाजणी होते, मग रंगीत काच चढवायची आणि पुन्हा भट्टीत. हे ग्लेझ शिसं घातलेलं असतं, कमी तापमानाला वितळतं आणि पाण्यासारखं वाहतं. खोलगट भागात साचतं, तिथे रंग गडद. उंचवट्यावर पातळ राहतं, तिथे फिका. म्हणजे एकाच हिरव्या रंगाच्या चार छटा कारागिराने काढलेल्या नसतात, भट्टीने काढलेल्या असतात. तुमच्या आजींच्या दिव्याचा उजेड हलायचा तो याच चढउतारावर.

जपानला ही कोरड्या दाबाची रीत १९०८ च्या सुमारास जमली. आवाजी बेटावरची 'दान्तो' आणि नागोयाची 'फुजिमीयाकी' ही त्यातली आघाडीची नावं. आवाजीवर मातीकामाची परंपरा जुनीच, मिन्पेइ नावाच्या कुंभाराची भांडी तिथली प्रसिद्ध. म्हणजे हात आधीच तयार होते, यंत्र आणि साचा नवा आला. मग पहिलं महायुद्ध लागलं, युरोपचा माल आशियात येईनासा झाला आणि ती जागा जपानने घेतली. तैवान, सिंगापूर, मलाया आणि आपला हिंदुस्थान ही मोठी गिऱ्हाइकं. १९२० आणि ३० च्या दशकांत हा माल जोरात यायचा.

एक मजेची गोष्ट सांगतो. जपानमध्ये या वस्तूला एक नावच नव्हतं. कुणी फरशी-कौल म्हणे, कुणी शोभेची वीट, कुणी चिकटवायची वीट. १९२२ मध्ये तोक्योला उएनोत शांतता प्रदर्शन भरलं, तिथे देशभरचे टाइलवाले जमले आणि 'ताइरु' हे एकच नाव ठरवलं.

मापाने खात्री करा. सहा इंच चौरस, म्हणजे साधारण पंधरा सेंटिमीटर. पण इंग्रजी टाइलही याच मापाची असते. खरा पुरावा पाठीवर. दान्तोच्या टाइलवर 'डी. के.' अक्षरं सापडतात आणि 'मेड इन जपान'.

---

तिसरा_डबा
रविवार, सकाळी ९:१५

भट्टीवाला काका, यावर स्वतंत्र धागा काढाच. भट्टीने काढलेल्या छटा हे वाचून आमच्या गिरगावच्या चाळीच्या जिन्यात खाली जाऊन उभा राहिलो. खरंच, फुलाच्या पाकळीच्या तळाशी रंग गडद आहे. पस्तीस वर्षं त्या जिन्यातून चढतोय उतरतोय, आज पाहिलं.

---

मांडवीकाठ
रविवार, दुपारी १:३०

आमच्या फोंड्याजवळच्या घरी वृंदावनाला फुलांच्या टाइल्स आहेत आणि पुढच्या बाजूला मधोमध एक कृष्णाची. गाय, बासरी, मागे कदंबासारखं झाड. २०११ साली आम्ही वृंदावन दुरुस्त केलं तेव्हा ती निघाली होती. पाठीवर इंग्रजीत 'मेड इन जपान' स्पष्ट वाचलं होतं. वडिलांना पटेना. आपला कृष्ण जपानात कसा होईल, हाच त्यांचा प्रश्न. त्यांनी तीनदा चष्मा पुसून वाचलं.

त्या कृष्णाबद्दल एक गोष्ट माझ्या आईच्या लक्षात आली. गाय आपली वाटत नाही. वशिंड नाहीच म्हटलं तरी चालेल, आणि तोंड आखूड. चेहरा, मुकुट, दागिने बरोबर उतरलेत पण गायीशी चुकलाय. आईचं म्हणणं, समोर जे चित्र ठेवलं असेल त्यात गाय कृष्णाच्या मागे अर्धी झाकलेली असणार. उरलेली अर्धी त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांसमोरची काढली.

---

पागोळी (धागाकर्ती)
रविवार, सायंकाळी ६:५०

मांडवीकाठ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी हा प्रतिसाद चार वेळा वाचला.

इतकी वर्षं मी समजत होते की या गोष्टीत मी बाहेरची आणि ते आतले. मी त्यांची अक्षरं उलटी वाचते, त्यांच्या न्हाणीघरात जाऊन भारावते, मला अर्धंच कळतं आणि उरलेलं मी माझ्या कोकणातून भरते. आता दिसतंय की नव्वद-शंभर वर्षांपूर्वी आवाजीत नाहीतर नागोयात कुणीतरी साचा कोरणारा माणूस अगदी हेच करत होता. त्याच्यासमोर एका परक्या देशाच्या देवाचं चित्र. बासरी धरायची कशी, पितांबर पडतं कसं, हे त्याने मन लावून पाहिलं, आणि जिथे कळेना तिथे स्वतःच्या गोठ्यातली गाय बसवली. आणि त्या गायीची पूजा तुमच्या घरात रोज होते.

---

जुनी_पेठ
रविवार, रात्री ९:२०

समोरचं चित्र बहुधा रविवर्म्यांच्या धर्तीचं छापील चित्र असणार. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नंतर तो जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांच्या हाती आला. लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण यांची रंगीत चित्रं तिथून घरोघर गेली, त्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या. जपानी टाइलवाल्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी देवादिकांच्या टाइल्स काढल्या त्या याच चित्रांवरून. नागोयाजवळ तोकोनामेला टाइल्सचं मोठं संग्रहालय आहे, तिथे या मॅजोलिकांचं खास प्रदर्शनही झालं होतं. पागोळी, तुम्हाला ओसाकाहून ते दूर नाही.

म्हणजे प्रवास पाहा. केरळचा चित्रकार, जर्मन यंत्र, मळवलीचा दगडी छापा, नागोयाची भट्टी आणि फोंड्याची तुळस.

---

बंदरावरून
सोमवार, रात्री ११:०५

मी कोबेत राहतो, म्हणून यात भर घालतो. हा माल इकडून तिकडे जाऊ कसा शकला, याला मुंबईच कारण आहे.

जपानच्या सूतगिरण्यांना कापूस हवा होता आणि तो मुंबईत होता. वाहतूक इंग्रजी कंपन्यांच्या हातात, भाडं त्या म्हणतील ते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि जपानी गिरण्यांशी करार करून निप्पोन युसेन या जहाज कंपनीने कोबे ते मुंबई मार्ग सुरू केला. पहिलं जहाज 'हिरोशिमा मारू'. जपानचा तो पहिला दूरचा नियमित सागरी मार्ग. पी अँड ओ कंपनीने भाडी पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण मार्ग टिकला. इकडून कापूस यायचा. तिकडे जाताना जहाज रिकामं नेऊन कसं चालेल? मग काड्यापेट्या, काचेचा माल, चिनीमातीची भांडी, छत्र्या, खेळणी, आणि पुढे टाइल्स.

काड्यापेटीचं तर विचारूच नका. शिमिझु माकोतो नावाच्या, फ्रान्समध्ये शिकलेल्या माणसाने १८७५ मध्ये तोक्योत काड्या बनवायला सुरुवात केली. पण धंदा फोफावला तो इथे, कोबेच्या बाजूला. हवा कोरडी, बंदर हाताशी. आजही जपानच्या बहुतेक काड्या याच ह्योगो प्रांतात, हिमेजीच्या आसपास होतात. हिंदुस्थानसाठी वेगळे छाप असायचे, हत्ती, वाघ, मोर, देवी. मी जुन्या बाजारातून असे छाप जमवतो. महिन्यातून एकदा देवळाच्या आवारात बाजार भरतो, तिथे एक आजोबा वहीत चिकटवलेले छाप घेऊन बसतात. पहिल्यांदा लक्ष्मी दिसली तेव्हा मी त्यांना सांगितलं, ही आमची देवी. त्यांनी पान उलटलं आणि तिच्या खाली पेन्सिलीने 'काना' या जपानी लिपीत नाव लिहून घेतलं. इतकी वर्षं त्यांच्या वहीत ती 'परदेशी बाई' होती.

१९२२ मध्ये इंग्रज सरकारने काड्यांवरची आयात जकात वाढवली आणि बाहेरचा माल महाग झाला. १९२३ मध्ये स्वीडिश कंपनीने विमको ही काड्यापेट्यांची कंपनी काढली, अंबरनाथचा कारखाना तिचाच होता. पुढे देशी काड्या आल्या. आपल्याकडे काड्यापेटीला 'घोडा छाप', 'जहाज छाप' म्हणायची सवय लागली ती याच चित्रांच्या काळात.

---

वेताळटेकडी
मंगळवार, सकाळी ८:३०

धागा उत्तम चालला आहे, पण एक गोष्ट बोलायला हवी. पागोळी, तुम्ही फुनाओका ओन्सेनच्या टाइल्सबद्दल लिहिलंत. त्याच खोलीत, टाइल्सच्या वर, दाराच्या माथ्यावरच्या कोरीव लाकडी जाळ्या पाहिल्यात का? त्यांना रान्मा म्हणतात. त्यावर १९३२ ची शांघायची लढाई कोरली आहे. तीन सैनिक लांब स्फोटकांची नळी घेऊन तारांच्या कुंपणात घुसले आणि मेले. वृत्तपत्रांनी त्यांना वीर केलं आणि त्यांच्यावर गाणी, नाटकं, खेळणी, सगळं निघालं. लाकडावर तेच आहे.

१९२० आणि ३० ची ती सुंदर अक्षरं, पाट्या, टाइल्स ज्या काळातल्या, त्याच काळात जपान चीनच्या मांचुरियात घुसला, पुढे नानजिंगचं हत्याकांड झालं. बाजारात या सगळ्याला आता 'तैशो रोमान' आणि 'शोवा रेट्रो' अशी गोड नावं आहेत, तैशो आणि शोवा म्हणजे त्या काळच्या सम्राटांच्या राजवटी. कोरियन किंवा चिनी माणसाला ही नावं कशी ऐकू येत असतील? आपण बाहेरचे म्हणून आपल्याला नुसती नक्षी पाहण्याची सवलत मिळते. ती सवलत घेताना खाली माथा आणि वर नजर, दोन्ही हवं असं मला वाटतं.

---

अबोली_रत्नागिरी
मंगळवार, सकाळी ९:०२

वेताळटेकडी, मान्य, पण टाइल बनवणाऱ्या कामगाराचा यात काय दोष? तो बिचारा साचे दाबत होता.

---

वेताळटेकडी
मंगळवार, सकाळी ९:२५

दोष कामगाराला देत नाहीये मी. पाहणाऱ्याबद्दल बोलतोय. कामगार आपलं काम करून गेला, आता पाहणारे आपण उरलो.

---

पागोळी (धागाकर्ती)
मंगळवार, रात्री १०:३५

उत्तर द्यायला दिवस घेतला.

हो, पाहिली आहे ती जाळी. पण खरं सांगते, पहिल्या तीन भेटींत दिसली नव्हती. मी टाइल्सच पाहत होते. चौथ्या वेळी माझी जपानी मैत्रीण बरोबर होती. ती केस पुसताना वर पाहत म्हणाली, माझ्या आजोबांचा थोरला भाऊ चीनमध्ये गेला तो आलाच नाही, आजोबा या न्हाणीघरात कधी यायचे नाहीत. मग तिने मला एकेक आकृती दाखवली. संगीन, तारा, बैठे बसलेले सैनिक. त्या खाली चार-पाच म्हाताऱ्या बायका नेहमीसारख्या गप्पा मारत होत्या, एक जण दुसरीच्या पाठीला मलम लावून देत होती.

मला वाटतं, मालकांनी ती जाळी उतरवली नाही हे बरं केलं. उतरवली असती तर राहिल्या असत्या फक्त टाइल्स, आणि माझ्यासारखीला नुसत्या टाइल्सच दिसत राहिल्या असत्या. मी जायचं थांबवलं नाही. पण आता आत गेले की आधी वर पाहते.

'शोवा रेट्रो' हा शब्द मी पूर्वी सहज वापरायचे. मैत्रिणीसमोर आता वापरत नाही.

---

बंदरावरून
मंगळवार, रात्री ११:१५

कोबेत हे दर पावलाला जाणवतं. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले बरेच हिंदुस्थानी व्यापारी, मुख्यतः सिंधी, इथे आले. १९३५ मध्ये मशीद बांधली गेली. १९४५ च्या बॉम्बवर्षावात आसपासचं शहर जळालं आणि ती उभी राहिली. काड्यापेट्यांच्या बाबतीतही तसंच. माझ्या वहीत लक्ष्मीच्या शेजारच्या पानावर त्याच आकाराचे, त्याच छपाईचे युद्धकाळातले छाप आहेत, काटकसर करा, बचत करा, विमानं बनवा. वह्या विकणाऱ्या आजोबांनी ते वेगळे काढलेले नाहीत. मीही काढणार नाही.

---

जुनी_पेठ
बुधवार, दुपारी १२:१०

यात मला एका माणसाची आठवण होते. एडवर्ड मोर्स, अमेरिकन, १८७७ मध्ये जपानला आला तो एका प्रकारच्या समुद्री शिंपल्यांचा अभ्यास करायला. योकोहामाहून तोक्योला आगगाडीने जाताना त्याने खिडकीतून ओमोरीला रुळाच्या कडेला उघडी पडलेली शिंपल्यांची रास पाहिली आणि ओळखलं की हा हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा उकिरडा आहे. रोज त्या गाडीने कितीतरी लोक जात होते. पुढे त्याने चपला, केरसुण्या, भांडी, खेळणी, कुणीही जपून ठेवणार नाही असल्या वस्तू जमवल्या आणि त्या अमेरिकेत सेलमच्या संग्रहालयात आहेत. त्या काळच्या जपानी घरातल्या कितीतरी साध्या वस्तू आज पाहायच्या तर तिथे जावं लागतं.

पण हेही खरं की फक्त बाहेरच्यालाच दिसतं असं नाही. कोन वाजिरो हा जपानी माणूस १९२५ मध्ये गिन्झाच्या रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे, केस, जोडे मोजत होता. किमोनो किती, कोट किती, सगळ्याची टिपणं. भूकंपाने तोक्यो जळून गेलं होतं, नवं शहर उभं राहत होतं, आणि त्याला स्वतःच्याच शहरात परकं झाल्यासारखं पाहता आलं. आपल्या तिसरा_डब्याने पस्तीस वर्षांनी जिना पाहिला तसं.

---

चिमणचारा
बुधवार, सायंकाळी ५:४०

पुढच्या महिन्यात क्योतोला जातेय, पहिल्यांदाच. फुनाओकाला जायचं आहे पण सेन्तोची भीती वाटते. सगळ्यांसमोर अंघोळ, नियम काय, कुणी रागावेल का?

---

पागोळी (धागाकर्ती)
बुधवार, रात्री ९:१०

अगं, अजिबात भिऊ नकोस. दारावरच्या पडद्यावर 'यु' अक्षर असतं, वाफ वर जाताना दिसावी तसं वळणदार. बायकांच्या बाजूचा पडदा साधारण लाल, पुरुषांचा निळा, पण रंगावर जाऊ नकोस, बायका (女) की पुरुष (男) हे सांगणारं अक्षर पाहा. आत गेल्यावर आधी छोट्या स्टुलावर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचं, साबण पूर्ण निघाल्यावरच कुंडात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवतात किंवा कडेला. केस बांधून घे. कुणी तुझ्याकडे पाहत नाही, सगळ्या आपापल्या गुडघेदुखीत असतात. तिथे एका कुंडात सौम्य वीज सोडलेली असते, देन्कीबुरो, त्यात अंदाज न घेता उतरू नकोस.

पिवळी प्लास्टिकची बादली दिसेल, तळाशी 'केरोरिन' लिहिलेली. डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात आहे, १९६३ पासूनची. कानसाईत, म्हणजे आमच्या ओसाका-क्योतोच्या भागात, ती तोक्योपेक्षा थोडी लहान असते, कारण इथे लोक थेट कुंडातून पाणी घेऊन अंगावर ओततात, मोठी भरली की जड होते.

आणि लवकर जा, म्हणजे या काही वर्षांतच. १९६८ च्या सुमारास देशभर १८,००० च्या आसपास सेन्तो होती. आता २,००० सुद्धा नाहीत. घरोघरी न्हाणीघर झालं, तेल महागलं, मालक म्हातारे झाले. माझ्या घराजवळचं मागच्या वर्षी पाडलं. आतल्या भिंतीवर कुतानीच्या रंगीत टाइल्सचं चित्र होतं, तळ्यातले कार्प मासे. मी पाडणाऱ्यांना विचारायला गेले तोवर ट्रकमध्ये ढीग भरला होता.

---

भट्टीवाला
गुरुवार, सकाळी ६:४५

ढीग हा शब्द वाचून राहवलं नाही. आपल्याकडेही तेच चाललंय, म्हणून ज्यांच्या घरी अशा टाइल्स आहेत त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

ॲसिडने धुऊ नका. बाथरूम साफ करायचं ॲसिड शिशाचं ग्लेझ खातं, टाइल कायमची मंद होते. साधं पाणी, मऊ कापड, फार तर सौम्य साबण. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर ती तडकलेली टाइल नव्हे, जुन्या ग्लेझचा तो स्वभाव आहे.

वृंदावनाला खालून लोणा लागतो, पांढरी भुकटी सुटते, टाइल सुटून पडते. अशा वेळी गवंडी सिमेंटने परत बसवतात, हीच मोठी चूक. मूळ टाइल चुन्यात बसवलेली असते. चुना श्वास घेतो, ओल बाहेर जाऊ देतो, आणि वेळ आली तर टाइल सोडतो. सिमेंट सोडत नाही, पुढच्या वेळी काढताना टाइल फुटते. एका ओळखीच्या घरी दुरुस्तीत बत्तीस टाइल्स छिन्नीखाली गेल्या, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चुनाच वापरा, घाई करू नका.

---

मांडवीकाठ
गुरुवार, सकाळी ११:२०

काका, २०११ मध्ये आम्ही सिमेंटच वापरलं. आता?

---

भट्टीवाला
गुरुवार, सकाळी ११:५०

आता हात लावू नका. पायथ्याशी पाणी साचणार नाही एवढं बघा. कृष्ण व्यवस्थित आहे ना, मग राहू द्या.

---

पागोळी (धागाकर्ती)
शनिवार, दुपारी ४:१५

मंडळी, आईचा फोन आला होता. हा धागा मी तिला वाचून दाखवते आहे. काल ती मुद्दाम वेंगुर्ल्याला गेली. वृंदावनाच्या उत्तरेच्या बाजूची खालची एक टाइल आधीच सुटून कोनाड्यात ठेवलेली होती, मामीने सांगितलं, दोन पावसाळे झाले. आईने तिचे चार फोटो पाठवलेत.

माप पंधरा सेंटिमीटरला किंचित जास्त. पाठीवर चुन्याचा जाड थर. एका कोपऱ्यात चुना निघालाय, तिथे उठावाची दोन इंग्रजी अक्षरं दिसतात. पहिलं अर्धवट आहे, पण दुसरं नक्की 'के'. खालची ओळ पूर्ण झाकलेली.

आई विचारतेय, ओल्या फडक्याने भिजवून बांबूच्या काडीने खरवडू का? भट्टीवाला काका, काय सांगू तिला? ती अंगणात टाइल मांडीवर घेऊन बसली आहे.

---

भट्टीवाला
शनिवार, दुपारी ४:२२

खरवडू देत. नुसतं पाणी आणि बांबू, लोखंड नको. एका रात्रीत झालं नाही तरी चालेल, पुन्हा भिजवायचं. पुढच्या बाजूखाली दुपटं घालायला सांगा.

---

मांडवीकाठ
शनिवार, दुपारी ४:३०

आई शेजारी बसली आहे, विचारतेय काय निघालं.